सिनेमात दुकान फोडतात

प्राध्यापक : ...आणि चौथ्या मिनिटाला हेलिकॉप्टर. साथीच्या सिनेमात हेलिकॉप्टर आलं नाही, तर प्रेक्षक तिकिटाचे पैसे परत मागतील.

औषधवाली : अहो, काउंटरवर रेलू नका. आत्ताच पुसलाय.

प्राध्यापक : मग भिंतभर नकाशा. त्यावर लाल ठिपके पसरत जातात. एक शास्त्रज्ञ बाई, जिला आठवडाभर झोप नाही पण केस मात्र धुतलेले, ती म्हणते, 'आपल्या हाती वेळ फार थोडा आहे.' पुढच्याच दृश्यात लोक औषधाचं दुकान फोडतात.

औषधवाली : माझ्याकडे दहा टक्के सूट मागतात.

प्राध्यापक : हेच मी तीस वर्षं लिहीत आलो. साथ आली की समाज सैरावैरा धावत सुटतो, ही सिनेमावाल्यांनी केलेली समाजाची खुशामत आहे. धावण्यासाठी आधी काहीतरी उमगावं लागतं. मघाचे ते गृहस्थ. डोळे लाल, आवाज बसलेला, तुझ्या तोंडावर तीनदा खोकले आणि वर म्हणाले...

औषधवाली : 'धुळीचा आहे.'

प्राध्यापक : त्यांच्या आधीच्या बाईंचा थंड पाण्याचा होता. त्यांच्या आधीच्यांचा नव्या पंख्याचा. शाळा अर्धी रिकामी, बँकेत एकच खिडकी चालू, तुझा मदतनीस अंथरुणात, आणि या गावात फ्लू मात्र कुणालाही झालेला नाही.

औषधवाली : तुमचं नाक बाहेर आहे.

प्राध्यापक : मास्क वर घेतला की चष्म्यावर वाफ धरते.

औषधवाली : ग्रंथकर्त्यांचं नाक वेगळं असतं का? नाहीतर वर घरी जाऊन बसा. तुम्हांला इथे बोलावलंय कुणी?

प्राध्यापक : तू एकटी आहेस म्हणून मदतीला आलो.

औषधवाली : लग्नाला पस्तीस वर्षं झाली. दुकानाच्या वर राहून तुम्ही इथे, दिवाळखोर सावकाराकडे जातो तेवढ्याच उत्साहानं येत होतात. आणि या आठवड्यात रोज.

प्राध्यापक : काहींना प्रेम उशिरा फुटतं.

औषधवाली : झोळी घेऊन?

शिंपी : बाई, आलं का ते? लहान मुलांचं तापाचं, गुलाबी. काल तुम्ही म्हणालात, उद्या या.

औषधवाली : या, दादा. पोरीचा ताप उतरला नाही?

शिंपी : पहाटेपासून चढलाच आहे. गोळीचा तुकडा कुस्करून दिला, तर ओकून टाकते. चौकातल्या दुकानात नाही, दवाखान्यासमोर नाही. म्हणतात, मालच येत नाही.

औषधवाली : माझ्याकडे आला होता. चार दिवसांपूर्वीच अख्खं खोकं आलंय, मी स्वतः उतरवून घेतलं. आणि फळी रिकामी. काल वाटलं, मदतनीस आजारी पडण्याआधी भलतीकडे ठेवून गेला असेल.

शिंपी : सर, तुमचा रविवारचा लेख बायकोला वाचून दाखवला. 'साठा करणारा माणूस हा साथीचा धाकटा भाऊ असतो.' तिला फार आवडलं ते. मशीनच्या वर चिकटवलंय तिनं.

प्राध्यापक : तिला माझे आभार कळवा.

औषधवाली : अहो, तुम्ही असे गप्प का झालात?

प्राध्यापक : आभार मानले ना.

औषधवाली : तेवढ्यावर तुम्ही थांबत नाही कधी. दादा, जरा बाहेरच्या बाकावर बसा. मी बघते.

(शिंपी बाहेर जाऊन बसतो.)

औषधवाली : कुठे आहे?

प्राध्यापक : काय?

औषधवाली : खोकं. काल झाडताना पलंगाखाली तुमचे साथींच्या इतिहासाचे ग्रंथ सापडले. ज्यांच्यावरची धूळसुद्धा तुम्ही मला झटकू देत नाही, ते चपलांशेजारी. कपाटात जागा कशासाठी केलीत?

प्राध्यापक : हळू बोल.

औषधवाली : मी हळूच बोलतेय. किती बाटल्या?

प्राध्यापक : सगळ्या. रोज थोड्या थोड्या नेल्या.

औषधवाली : सिनेमातल्या माणसानं निदान शटर तरी फोडलं असतं.

प्राध्यापक : गेल्या वर्षी नातीला तापात आकडी आली, तेव्हा तू इथे खाली होतीस. ती माझ्या मांडीवर होती. तिचे डोळे वर गेले, हात ताठ झाले. मी साथींवर साडेचारशे पानं लिहिली आहेत. त्या वेळी मला एकही ओळ आठवली नाही. तुला हाक मारायची हेसुद्धा सुचलं नाही.

औषधवाली : मारली होतीत. सगळ्या गल्लीनं ऐकली.

प्राध्यापक : आता तिच्या वर्गातली निम्मी मुलं आजारी आहेत. तुझी फळी रिकामी होताना दिसली, आणि... नवव्या प्रकरणात मी या माणसाची यथेच्छ चामडी लोळवली आहे. भित्रा, मतलबी, शिकला-सवरलेला. तो माझ्याच घरात राहतो हे ठाऊक नव्हतं.

औषधवाली : मला ठाऊक होतं. त्याला रोज चहा मीच देते. जा, घेऊन या खाली.

प्राध्यापक : आणि त्यांना काय सांगायचं?

औषधवाली : शब्द तुमचा धंदा आहे. माझा नाही.

प्राध्यापक : शिंपीदादा, आत या. औषध या घरात आहे. फळीवरून ते मी उचललं आणि लपवलं. काल तुम्ही हात हलवत परत गेलात, ते माझ्यामुळे.

शिंपी : तुम्ही, सर?

प्राध्यापक : मी. तो मशीनवरचा कागद काढून टाका.

शिंपी : धाकटी नात आहे ना तुमच्याकडे?

प्राध्यापक : आहे. पण ते उत्तर नव्हे.

शिंपी : नाही. रात्रभर पोर कण्हत होती माझी. पण काल मला चार बाटल्या मिळाल्या असत्या, तर मी चारही नेल्या असत्या. म्हणून तुम्हांला काय बोलावं ते सुचत नाही. लवकर आणा तेवढं.

प्राध्यापक : आणतो.

औषधवाली : जिना सांभाळून. पडू नका, आज अस्थितज्ज्ञही आजारी आहे. दादा, पोरीचं वजन सांगा, मग माप सांगते. आणि अंगावरचं पांघरूण कमी करा, पाणी पाजत राहा. सुस्त वाटली किंवा श्वास जोरात चालला, तर माझ्याकडे नाही, थेट दवाखान्यात.

शिंपी : वजन परवाच्या फ्रॉकवरून सांगू शकेन, बाई.

औषधवाली : फ्रॉकवरून नको. हा काटा इथे आहे, तिला उचलून आणा. तोवर ते उतरतील.

प्राध्यापक : उतरलो. या सगळ्या बाटल्या. दादा, चला, मी बाटली घेऊन तुमच्याबरोबर येतो. काटाही तिकडेच नेतो, तापलेल्या पोरीला बाहेर काढायला नको.

औषधवाली : काटा न्या, पण नाक झाकून. वजन फोनवर कळवा, माप सांगते.

शिंपी : चला, सर. बायकोला काय सांगू?

प्राध्यापक : लेखक आलाय म्हणा. धाकट्या भावाला घेऊन.

(दोघं जातात. तासाभरानं प्राध्यापक परत येतात.)

औषधवाली : आलात? कशी आहे पोर?

प्राध्यापक : औषध पोटात राहिलं. झोपली. त्या माउलीनं मला पाणी विचारलं. कागद तसाच आहे मशीनवर, ती काढत नाही म्हणाली. बाकीच्या बाटल्या फळीवर लावतो. एकेकाला एकच, अशी पाटी लिहू?

औषधवाली : लिहा. अक्षर मोठं, वाक्य लहान.

प्राध्यापक : आणि एक... एकच बाटली वर ठेवू?

औषधवाली : नको.

प्राध्यापक : बरोबर आहे.

औषधवाली : गल्ल्याखालचा कप्पा उघडा. अगदी मागे हात घाला.

प्राध्यापक : ही बाटली कधीची?

औषधवाली : शाळेतलं पहिलं मूल आजारी पडलं त्या दिवसाची. नातीचं वजन करून मापाच्या झाकणावर खूण केली आहे. तुम्हांला काही सुचलं नाही, तरी त्या खुणेपर्यंत भरायचं, एवढंच.

प्राध्यापक : म्हणजे तूही.

औषधवाली : मीही. पण एक.

प्राध्यापक : चष्म्यावर वाफ धरली आहे.

औषधवाली : धुळीची असेल. पुसा, गिऱ्हाईक येतंय.