इंजिनाखालची गादी

"हॅलो?… हॅलो, कोण?… अगं, तू होय! बोल ना… नाही, धापा कुठे टाकतोय… मी ना? हा काय, निघालोच."

शिंपीमास्तर निघाले नव्हते. निघणं सोडाच, गेले अडीच तास ते जागचे हललेही नव्हते. घरामागच्या शेडमध्ये आपल्या जुन्या मोटारीच्या उघड्या जबड्यात ते कमरेतून वाकून उभे होते आणि त्यांचा उजवा हात मनगटापर्यंत इंजिनाखाली अडकला होता. डाव्या हातात फोन. नाकाला खाज सुटली होती आणि तिसरा हात देवानं दिला नव्हता.

"हो, हो… अकराला येतो म्हणालो होतो, मान्य… आता किती वाजले?… दीड? छे, तुझं घड्याळ पुढे असेल… हॉस्पिटलचं आहे होय. मग बरोबर असेल… जेवलीस का?… विषय नाही गं बदलत, विचारलं आपलं… खाट रिकामी करायला लावली? मग बसलीस कुठे?… बाहेर बाकावर? पिशव्या घेऊन? आणि गुडघा?… सरळ ठेव हं. डॉक्टर काय म्हणालेत, एकही गचका बसता कामा नये. अगं, विसरेन कसा, त्याच्यासाठीच तर… काही नाही. काही नाही म्हटलं ना."

फोनवरच्या बाईंचा, म्हणजे मास्तरांच्या बायकोचा, नवा गुडघा नऊ दिवसांचा होता. गाडी चाळीस वर्षांची. हॉर्न दाबला की ती आधी खोकायची आणि मग वाजायची. एकदा तर ती उतारावरून एकटीच निघाली, वळणावर आपली आपण वळली आणि मास्तरांच्या दुकानासमोर येऊन थांबली, तीही डाव्या बाजूला, नियमात. विश्वास ठेवायचा तर ठेवा. बाईंच्या भावाचा तिच्यावर कधीच विश्वास नव्हता. 'भंगारात घाला' हे त्याचं दर भेटीतलं पहिलं वाक्य. शेवटी ऑपरेशनला जाताना बाईंनी निकाल देऊन टाकला होता: मला घरी ह्याच गाडीनं आणलंत तर ती राहील, नाही आणलंत तर त्याच दिवशी भंगारात. मास्तरांनी मान डोलावली होती.

"गाडी ना? एकदम तयार… आवाज नाही येणार, बंद आहे ती… तयारही आहे आणि बंदही आहे. का, नसतं का असं? तुझा भाऊ नाही का, सूट घालून झोपतो… टॅक्सी? टॅक्सीत अजिबात बसायचं नाही! ते खड्डा दिसला की मुद्दाम त्यातून घालतात… कोण आलंय?… भाऊ? त्याला कुणी बोलावलं?… तू? बरं… नाही, रागावलो नाही… अगं ऐक ना, त्याला म्हणावं दहा मिनिटं थांब… मघाशीही दहाच म्हणालो होतो? मग तीच दहा. अजून संपायची आहेत."

मास्तरांनी श्वास कोंडून हात ओढून पाहिला. इंजिन ढिम्म.

"आई गं!… काही नाही, खोकलो… 'आई गं' असंच खोकतो मी आता, वय झालं… काय? भंगारवाल्याला फोन केला त्यानं? आत्ता?… ट्रक निघालापण? इकडे?… अगं, पण 'त्याच दिवशी' ठरलं होतं. दिवस संध्याकाळपर्यंत असतो! मला विचारायचं तरी… हो, चूक माझीच. हो… बरं, ऐक. पण चिडायचं नाही, आधी कबूल कर… अडकलोय मी… कामात नाही गं, गाडीत… सगळा नाही, हातच फक्त… इंजिनाखाली… ओरडू नकोस, तिथले पेशंट घाबरतील! रक्त नाही, काही नाही. दुखतही नाही. मऊ आहे… हो, इंजिनाखाली मऊ! सांगतो ना.

"हे बघ, इंजिन ज्या रबरांवर बसतं ना, त्यातलं एक झिजून गेलंय. म्हणून तर आपली म्हातारी उभ्या जागी थरथरते. त्या थरथरीत तुझ्या गुडघ्याचं काय झालं असतं?… नवीन कुठलं मिळायला! ती गाडी बनवणारेच आता राहिले नाहीत. म्हणून मी गादी शिवली… गादी, गादी! तळहाताएवढी. इंजिनाला बसायला… हस, हस. सोळा पदर आहेत. खाली कॅनव्हास, वर कॉलरचं कडक बकरम, मध्ये… मध्ये तुझी निळी रजई… सगळी नाही, एक कोपरा फक्त… दोन… बरं, चारही. रजईला चारच कोपरे असतात, त्याला मी काय करू?… अगं, ऐक तरी. जॅक लावला, इंजिन बोटभर उचललं, गादी आत सारली. झालं होतं काम! अकराला दहा कमी होते. पण शेवटी शिवण चाचपून बघितली गं. गिऱ्हाइकाला कोट चढवला की खांद्याला चाचपतो ना, तसं. हाताला सवय. आणि जॅकचं तेल गळतंय. तो बसला हळूहळू, त्याच्याबरोबर इंजिनही बसलं. उभ्या जन्मात गिऱ्हाईक कधी माझ्या हातावर बसलं नव्हतं… गादी नसती तर? तर हाताचा पापड झाला असता… हॅलो?… आहेस ना?… हॅलो?"

पलीकडे काही नाही. अडतीस वर्षांच्या संसारात मास्तरांना बायकोच्या गप्प बसण्याचे सात प्रकार पाठ झाले होते. हा आठवा होता आणि त्याला काय म्हणायचं ते त्यांना समजेना.

"…नऊ दिवस? हेच केलं. घरात कुणी बोलायला नाही, मशीन तरी वाजू दे म्हटलं… नाही, ही तिसरी. पहिल्या दोन फसल्या… सीटही मागे सरकवलीय, मापांच्या वहीतून तुझी उंची काढून. फक्त नव्या गुडघ्याचं माप नव्हतं माझ्याकडे, ते अंदाजे धरलं… रडतेस का?… नाही ना? मग हळू का बोलतेस?… भावाच्या गाडीत बसलात? तो शेजारीच आहे? मग मीही हळू बोलू?… बोल… मापाची टेप? गळ्यातच आहे, जाणार कुठे!… जॅकचा दांडा पलीकडच्या चाकाकडे फिरलाय, पाय पोचत नाही… टेपचा फास करून ओढू? आणि फोन?… हो, खांद्यावर दाबतो. थांब हं."

पहिला फास पडला हेडलाइटवर. दुसरा मास्तरांच्याच बुटात. तिसरा मात्र दांड्याला बसला. मास्तरांनी दांडा पायाशी ओढून आणला आणि टेपनं वर उचल, टाचेनं खाली दाब, असं मशीन चालवल्यासारखं सुरू केलं. सात-आठ दाबांत इंजिन कुरकुरत वर आलं.

"निघाला! अगं, निघाला हात! थांब, मोजतो… पाच! पाचही आहेत!… आता सगळं लावतो, चालू करतो, अर्ध्या तासात… काय? ट्रक कोपऱ्यावर?… हो गं, हॉर्न येतोय ऐकू…"

मास्तर चाकाला टेकून खाली बसले.

"राहू दे. ने म्हणावं त्याला. शब्द दिला होता मी, आणि तू तीन तास बाकावर बसलीस. नको आता आणखी… काय? परत बोल, ऐकू नाही आलं… हात निघालाय हे त्यांना कुणी सांगितलंय म्हणजे?… हो, आत माणूस अडकलेला असताना गाडी कशी ओढतील? मलाही भंगारात घ्यावं लागेल… अगं, पण हे खोटं… बरं, मग तू आल्यावर?… गल्लीच्या तोंडाशी उतरणार? कशाला?… तिथून दारापर्यंत आपल्या गाडीनं? चाळीस पावलं तर आहेत!… हो गं! घरी आणली ती आणलीच की! किती अंतरावरून ते कुठे ठरलं होतं!… अगं, तू म्हणजे ना… बरं, बरं, हसत नाही. कळेल त्याला."

दारात ट्रक येऊन थांबला. दणकन दार आपटलं, जाड आवाजात कुणीतरी "मास्तर!" म्हणून हाक मारली. मास्तर उठले. पाचही बोटं त्यांनी एकदा डोळे भरून पाहिली आणि हात होता तिथे परत घातला.

"या, या! शेडमध्ये या! पण गाडीला हात लावू नका हो, अडकलोय मी!… अगं, आला तो. बरोबर बोललो ना?… तू लवकर ये मात्र. आणि हे बघ… हे बघ, एक घोटाळा झालाय. जॅक परत बसतोय… नाही गं, नाटक नाही, खरंच! टेप? टेप त्या दांड्यालाच राहिली, तो सरकला पलीकडे… हॅलो?… अगं, हसतेस काय?… हॅलो?… हॅलो?"