पिशवीतला दुसरा लंगोट

माह्यं गाव हुडकेश्वर. आता लोक म्हणतात नागपूर तिथवर जाऊन राहिलं, पण माह्या लहानपणी नागपुराले तिकडं येण्याची काही गरज पडत नव्हती. आम्ही चौघं भाऊ अन् वावर एवढंसं, तं बाप म्हणे सगळेच जुंपले तं बैलाले उभं राहाले जागा उरणार नाही, म्हणून मले नागपुरात महाल भागातल्या मामाकडं धाडलं, शिवणकाम शिकाले. मामाचं दुकान म्हणजे एक मशीन, एक आरसा, अन् भिंतीवर कोट घातलेल्या एका साहेबाचं चित्र. तसा कोट आमच्या दुकानात कोणी कधी शिवाले टाकला नाही, पण चित्र मामानं मरेपर्यंत काढू दिलं नाही.

दुकानासमोर आखाडा होता. पहिलवानांचे लंगोट शिवाले मामा तयार नसे, म्हणे ना खिसा ना कॉलर, याच्यात कारागिरी कोणाले दिसते. तं ते काम माह्या वाट्याले आलं. अन् काय सांगू तुम्हाले भाऊ, लंगोट शिवणं सोपं नाही. सदऱ्याचा टाका उसवला तं माणूस घरी जाऊन सदरा बदलते, लंगोटाचा उसवला तं साऱ्या नागपुरासमोर उसवते. मी मशीनची दुहेरी शिलाई मारो अन् वरून हातानं टाके घालो.

सुखदेव त्या आखाड्यातला. दिवसा रेल्वेच्या मालधक्क्यावर पोती वाहे, सकाळ-संध्याकाळ मेहनत करे. माह्याच वयाचा, मी असा काडीसारखा अन् तो दरवाजासारखा. त्याचा पहिला लंगोट मीच शिवला, लाल, अन् त्या नागपंचमीच्या दंगलीत तो जिंकला, तवापासून दुसऱ्या कोणाच्या हातचा लंगोट त्यानं घातला नाही. मले काही कुश्तीची हौस नव्हती. पण आपण शिवलेलं कापड जिंकते म्हटल्यावर माणूस पाहाले जाते, अन् गेलो तं गेलोच.

आमच्याकडं दंगलीत एक रीत होती. पहिलवानाले कोणीतरी हात धरून आखाड्याभोवती फिरवे. हात असा वर धरून चालाचं, अन् ज्याले त्याच्याशी लढाचं असेल तो उठून त्या हातावर हात ठेवे, जोड लागली. फिरवणारा म्हणजे त्याचा जामीन. मैदानात हात खाली कराचा हक्क फिरवणाऱ्यालेच, अन् जोड लागाच्या आधी एकदा का त्यानं हात खाली केला की तो पहिलवान त्या मैदानात पुन्हा उभा राहत नसे. हे काम वस्तादाचं, पण सुखदेवच्या वस्तादाचे गुडघे गेलते, ते म्हणे वामन मास्टर, तू फिरव, तूच त्याच्यामागं फिरून राहिला. तसा मी फिरवाले लागलो. माहा हात त्याच्या हाताखाली पुरत नसे, मी टाचा उचलून चालो. पोट्टे ओरडत, कुश्ती यातला कोण खेळते बे.

चांगले दिवस आले तसे पटकन गेले. फेटे झाले, बँड झाला, एकदा चांदीची गदा भेटली, तिची चांदी घरी येईपर्यंत अर्धी आमच्या हाताले लागली. अध्यक्ष म्हणून एक पुढारी येत, दरवर्षी तेच. भाषणात म्हणत, हा आपल्या नगराचा सिंह आहे. सिंह बिचारा खाली उघडा बसून घामानं ओला, अन् हार मात्र सगळे अध्यक्षांच्या गळ्यात.

मंग एक दिवस वॅगनीतून पोतं उतरवताना त्याचा खांदा निखळला. हाड बसवणाऱ्यानं खांदा बसवला, पण सुखदेवचा त्या खांद्यावरचा भरवसा काही बसला नाही. त्या नागपंचमीले कामठीच्या रहीम पहिलवानानं त्याले चित केलं. रहीम म्हणजे मोठा गडी, त्याच्याशी हरणं काही लाजेचं नव्हतं. पण पुढच्या साली दुसऱ्याशी हरला, त्याच्या पुढच्या साली तिसऱ्याशी, मंग कोणाशी हरला हे लोकांनी विचारणंच सोडलं.

आधी बँड गेला. मंग फुकट दूध घालणारा गवळी गेला, तो म्हणे म्हैस आटली. आखाड्यातले पोट्टे दुसऱ्याच्या अंगाले तेल लावू लागले. वस्ताद वारले. राहिलो मी. दुकानात गिऱ्हाईक टोमणे मारत, मास्टर, तुम्ही फाटके कपडे शिवता ते ठीक, फाटलेला पहिलवान कायले शिवून राहिले. माह्या घरची म्हणे, नागपंचमीले दुकान बंद, पोळ्याले मात्र उघडं, तुमचा देव कोणता ते एकदा सांगून द्या. लोक विचारत काहून जाता गा मास्टर. जिंकणाऱ्याच्या मागं चालताना धक्के खावे लागतात, हरणाऱ्याच्या मागं मोकळं चालता येते, असं आपलं हसण्यावारी नेत होतो. पण खरं म्हणाल तं दंगलीच्या सकाळी तो दुकानात येई, नवा लंगोट हातात घेऊन शिलाईवरून अंगठा फिरवी, अन् म्हणे यंदा पाहू मास्टर. तेवढं यंदा पाहू ऐकाले मी वर्षभर थांबत होतो.

शेवटची जी दंगल झाली तिची गोष्ट सांगतो. त्याचं वय झालतं, पोट दिसाले लागलतं. मी त्याचा हात धरून निघालो. एक फेरा झाला, कोणीच उठलं नाही. त्याले हरवून नाव होत नाही अन् चुकून हरलो तं जन्माची फजिती, कोण येईल. दुसऱ्या फेऱ्याले लोक हसाले लागले, कोणी म्हणे बसवा आता बुढ्याले. सुखदेव ओठ न हलवता म्हणाला, वामन, हात खाली घे. त्यानं मले कधी नावानं हाक मारली नव्हती, मास्टरच म्हणे. मी हात खाली घेतला नाही. चालतच राहिलो. पुन्हा म्हणाला, घे ना गा खाली. मी नाही घेतला.

तवा पाहुण्यांच्या खुर्च्यांमधून रहीम उठला. त्यानं कुश्ती कवाची सोडलती, कुरता-पायजमा घालून मानाचा पाहुणा म्हणून आलता, दाढी पांढरी. तो आला अन् आमच्या हातावर हात ठेवला. मंग कोणीतरी म्हणालं, अरे याले लंगोट द्या, अन् माहा हात पिशवीत गेला. सवय, भाऊ. मी दरवर्षी कापडाच्या एकाच थानातून दोन लंगोट शिवो, न जाणो ऐन वेळी टाका उसवला तं, अन् दुसरा पिशवीत ठेवो. तो काढून रहीमच्या हातात दिला. दोघं मातीत उतरले, दोघांचे लंगोट सारखे लाल.

बराच वेळ लढले. रहीम वयानं थकलता पण खोटा खेळत नव्हता, ते दिसत होतं. शेवटी सुखदेवनं कमरेची पकड घेतली, अन् त्याचा तोच खांदा सैल पडला. मी काठावर होतो, मले पकड सुटताना दिसली. अन् त्याच सुटलेल्या पकडीखाली रहीम चित झाला.

लोक नाचले. बँड नव्हता तं डबे वाजवले. अध्यक्षांनी जिद्द या विषयावर भाषण केलं, ते त्यांच्याकडं तयारच असते. सुखदेव फेटा बांधून मान खाली घालून बसलता.

घरी जाताना गल्लीत तो थांबला. म्हणाला, तो लंगोट त्याच्यासाठी आणलता का?

मी म्हटलं, नाही गा, दरवर्षीच असते पिशवीत.

तो म्हणाला, इतक्या वर्षांत कधी निघाला नाही तो.

खरं होतं. कसा निघणार, माहा टाका कधी उसवलाच नाही. हे मी बोललो असतो तरी ऐकाले तो थांबला नव्हता. फेटा दुकानाच्या पायरीवर ठेवून गेला.

महिन्याभरानं मी कामठीले गेलो. रहीमनं चहा पाजला, लंगोट धुऊन घडी करून ठेवलता तो दिला. मी विचारलं, पहिलवान, असं काहून केलं. तो म्हणाला, मैं सुखदेव के लिए नहीं गिरा, मास्टर. तेरा हाथ नीचे नहीं आ रहा था, मुझसे देखा नहीं गया.

आता सांगा तुम्ही. सुखदेवले जाऊन म्हणणार होतो का बाबा, रहीम मुद्दाम पडला, पण माहा काही हात नाही याच्यात. हे ऐकल्यावर कोणत्या तोंडानं म्हणाचं.

तरी गेलतो. तवा सुखदेव कळमेश्वरले एका कारखान्यात चौकीदार लागलता. गेटावर खाकी सदरा घालून उभा होता, खांद्यावर ढिला, शिवणाऱ्यानं माप घेतलं नव्हतं हे दुरूनच कळत होतं. त्यानं मले स्टुलावर बसवलं, चहा सांगितला, पोरांचं विचारलं, पाण्यापावसाचं बोलला. तुम्ही म्हणून राहिला मले, बसा, घ्या. निघताना मी हात पुढं केला. त्यानं दोन्ही हात जोडून नमस्कार केला, जसा पाहुण्याले करतात तसा.

त्या गोष्टीले कितीक वर्षं झाली. रहीम पहिलवान गेले, चांगला माणूस. आखाड्यात आता फर्निचरवाल्याच्या फळ्या असतात. चश्मा लागला, सुई ओवाले नातीले हाक मारतो. त्या कारखान्याच्या गेटातून सारे धड माणसं जावो-येवो, अन् त्याच्या खांद्याले थंडीत गरम कापड भेटो, एवढंच म्हणतो मी.

नागपंचमी आली की लाल कापड आणतो. एक लंगोट शिवतो, मंग दुसरा. माही घरची पाहते अन् म्हणते, घालणारा नाही तं एक शिवून ठेवा, दुसरा कायले. मी म्हणतो असू दे वं, एखाद वेळी उसवते.