सिग्नलच्या जागी सोमवार

मुलांच्या दवाखान्यात शेजारच्या बाकावर नवरा-बायको दबक्या आवाजात भांडत होते. दोघंही एकाच ऑफिसात कंपायलर, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका अडवून तो संगणकाच्या भाषेत नेणारं सॉफ्टवेअर, बनवत असावेत. तापाने मलूल झालेलं बाळ नवऱ्याच्या खांद्यावर होतं.

"लाल, पिवळा, हिरवा यांचा 'सिग्नल' हा स्वतंत्र प्रकार हवा. तू त्यांचे नुसते आकडे करून ठेवलेस."

"अगं, आतून शून्य, एक, दोनच असतात ना!"

"वारांचेही आकडेच आहेत. मग सिग्नलच्या जागी कुणी सोमवार टाकला, तर कंपायलर त्याला अडवणार कसा?"

"इतका वेंधळा कोण असतो?"

"असतात. उद्या मी तुझ्या या कामाला मंजुरी देणार नाही."

"वा! घरचा भेदी."

"पाच नंबर!" नर्सने हाक मारली.

तो बाळाला घेऊन ताडकन उठला आणि समोरच्या उघड्या दारातून आत गेला. नर्सने बाळाची मांडी पुसली, सुई उचलली.

बायको मागोमाग धावली. "अहो सिस्टर, थांबा! त्याला ताप आहे. आम्ही लशीचे नाही, तपासणीचे पाच."

"मग हे कसे उठून आले?"

"आकडा जुळला ना त्यांचा."

लशीचे पाच आम्ही होतो. मी माझ्या लेकीला घट्ट धरून उठले.

"ऐक ना, उद्याची मंजुरी आठवडाभर पुढे ढकलू या," तो बायकोला म्हणाला.

"आधी बाळ दे इकडे."