जित्या बापाची गोष्ट

कवडू : ...अन् थो शेजारचा तानबा दारात उभा राहून हसत हसत सांगते मले. म्हने, "कवडू, काल शाळेत तुही माती झाली, अन् तू अजून खाटीवरच?" दामिनी, इकडं ये. तू मले काऊन मारलं, थे सांग आधी.

दामिनी : तुमाले नाई मारलं, बाबा. पात्र हाये थे. काल शाळेत वाचली त्या कथेतलं पात्र.

कवडू : पात्र? देवळीच्या जिनिंगात कापूस वाह्यते थो, मशिनीत त्याचा उजवा हात जाते, घरी बायको अन् एक पोरगी. अन् म्हने पात्र.

दामिनी : बायकोचं नाव बदललं न मी. कथेत ती गंगा हाये.

कवडू : लय उपकार केले. मायचं नाव बदललं अन् बापाचा जीव घेतला. अन् माही सायकल कायले घातली त्याच्यात? तानबा म्हने, सायकल भिंतीले टेकून, चाकात हवा नाई, अन् साऱ्या बाया डोयाले पदर लावून रडल्या.

दामिनी : प्रतीक होय थे. सायकल म्हन्जे बाप. चाकातली हवा गेली म्हटलं का थो गेला, हे वाचनाऱ्याले आपोआप समजते. सांगा लागत नाई.

कवडू : माह्या सायकलीत हवा हाये.

भागाबाई : मी भरतो थे. कामावर मीच नेतो न सायकल.

कवडू : तू मंधात बोलू नोको, भागा. तू तं तिथंच बसली होती. कपायावर कुंकू लावून नवरा मेल्याची गोष्ट ऐकत बसली. उठून काऊन नाई आली?

भागाबाई : शेवटपर्यंत बसली मी. टाळ्याबी वाजवल्या.

कवडू : लाज नाई वाटली?

भागाबाई : पोरगी साऱ्या शाळेत पह्यली आली. लाज कायची?

कवडू : अन् आता हेच घेऊन वर्ध्याले जानार, जिल्ह्याच्या स्पर्धेत. आख्ख्या जिल्ह्यात मेलो मंग मी. नाई जाची गोष्ट. सराले सांगजो, माह्या बापाले जिता करतो, नाई तं माहं नाव काटा.

दामिनी : जिता करून पाह्यला मी, बाबा.

कवडू : कवा?

दामिनी : पह्यले जिताच लिहला होता. चार पानं. हात गेला, दवाखान्यातून घरी आला, खाटीवर बसला. मंग मी त्याले उठवू उठवू थकली. गंगा कामाले गेली, थो बसलाच. पोरगी शाळेतून आली, थो बसलाच. सरांनी वाचलं अन् म्हटलं, संकट आलं म्हन्जे कथा झाली असं नाई. संकटापुढं मानूस काय करते, त्याच्यात त्याचा स्वभाव दिसते. अन् हा तं काईच करत नाई, दामिनी. एक तरी गोष्ट करू दे त्याले.

कवडू : मंग कराले लावाची. पेन तुह्याच हातात होता न?

दामिनी : काय कराले लावू? मले सुचलंच नाई. तुमचा हात गेल्यापासून दोन वर्सांत मी तुमाले काई करतानी पाह्यलंच नाई. राग आला मले, बाबा. खरंच आला. म्हटलं, मर मंग. अन् मारला. त्याच्यानंतर कथा एका बैठकीत झाली.



कवडू : ऐकलं का, भागा? पोट्टी काय बोलून राह्यली.

भागाबाई : ऐकलं. आता माहंबी ऐका. त्या गोष्टीतली गंगा रांडव झाली तं सारं गाव धावलं. कोनी ज्वारी देल्ली, कोनी पोरीले कपडे केले, शेजारीन रोज येऊन बसे तिच्यापाशी. मले रडू आलं थे तिच्यासाठी नाई. हेवा वाटला मले तिचा. माह्या दारात ज्वारी घेऊन कोनी येत नाई. नवरा जिता हाये माहा. मी कोनाले काय सांगू?

कवडू : म्हन्जे मेलेलाच बरा होतो मी.

भागाबाई : असं मी म्हटलं नाई. राग येते मले तुमचा. रोज सकायी उठली का येते. मेलेल्या मानसाचा असा राग येत नाई कोनाले.

दामिनी : जाऊ द्या, बाबा. मी नाव काढून घेतो. नाई जात वर्ध्याले.

कवडू : थांब. कवा हाये थे?

दामिनी : बुधवारी.

कवडू : तिथंबी माईकवर वाचाची?

दामिनी : हो.

कवडू : मंग राहू दे त्याले मेलेलाच. एक अक्षर हालवू नोको. पन तू वाचशीन तवा मी पह्यल्या रांगेत बसतो. ज्याले रडाचं त्यानं माह्याकडं पाहून रडावं.

दामिनी : तुमी? यष्टीनं जा लागते, बाबा. गर्दी राह्यते. लोक हाताकडं पाह्यतीन.

कवडू : पाहू दे. राग काय तुमालेच येते का दोघीले?

भागाबाई : लांब बाह्याचा सदरा धुवून ठेवू?

कवडू : नाई. अर्ध्या बाह्याचा काढ.