पाचवं वाक्य

दार का उघडत नाही, असं विचारताय ना, ताई? किल्ली माझ्याकडे नसते. मुलगा-सून कामावर जाताना बाहेरून कुलूप लावतात. बोला, खिडकीतून ऐकू येतं मला. मुलीला इंग्रजी क्रियापदं शिकवायची—नाही, शिकवणी मी सोडली. का सोडली? सांगण्यासारखं नाही—पण मुलीची वही खिडकीतून पुढे केलीत, तर ऐका.

छत्तीस वर्षं माझी एकच पद्धत. फळ्यावर एक क्रियापद लिहायचं, अर्थ सांगायचा, मुलांनी घरून त्याची पाच वाक्यं आणायची. त्या दिवशी क्रियापद होतं 'लॉक'—कुलूप लावणे. कुणी लिहिलं, आजी बिस्किटांच्या डब्याला कुलूप लावते—वर्ग हसला. एक मुलगी होती, कधी बोलायची नाही म्हणून पोरं तिला मौनी म्हणायची. आईबाप नव्हते, चुलत्याकडे राहायची. तिने लिहिलं—काका मला खोलीत ठेवून कुलूप लावतो. शाळा सुटली की लावतो. सुट्टीत दिवसभर लावतो. खोलीला खिडकी नाही, तरी लावतो. आणि पाचवं—सर, तुम्ही घरी या. मी काय केलं? पाचव्यात 'लॉक' नव्हतं, एक गुण कापला. खाली लिहिलं, 'छान. अक्षर सुधार.' अहो, पन्नास वह्या असायच्या, अर्थ कोण वाचतो—नाही. खोटं कशाला बोलू? वाचलं होतं मी. समजलंही होतं. वाटलं, दुसऱ्याच्या घरात आपण का पडावं? त्या संध्याकाळची प्रार्थनाही चुकवली नाही मी!

वही परत मिळाली तेव्हा तिने ती उघडली, माझ्याकडे पाहिलं, आणि बाकावरच टाकून गेली. पुढच्या सुट्टीत भर दुपारी त्या घराला आग लागली. शेजाऱ्यांनी कुलूप फोडलं, पण उशीर झाला होता. चुलता कोर्टात म्हणाला, पोरीच्या भल्यासाठीच लावत होतो. त्याला शिक्षा झाली. वही मी उचलून कपाटात ठेवली होती—कोर्टाला ती दिसलीच नाही.

निवृत्त झालो आणि राहवेना. बोलावलं होतं ना तिने? रोज ते घर शोधत निघायचो. घर कुठलं—तिथे आता दुसरीच इमारत आहे. रस्ता चुकायचो, तीनदा पोलिसांनी आणून सोडलं. मग मुलाने कुलूप आणलं. म्हणाला, "बाबा, तुमच्याच भल्यासाठी." मी एका शब्दाने विरोध केला नाही. देवाने उशिरा का होईना, न्याय केला.

नाही, शेजाऱ्यांना हाक मारू नका. तुमची वही परत घ्या, आणि मुलगी काय लिहिते ते तुम्ही स्वतः वाचा. निघा आता. मला चार वर्षं झाली—नऊला कुलूप लागतं, सहाला निघतं. खिडकी आहे, एवढीच सवलत.