इथून बोईसरएवढं खोल

पालघरच्या स्टँडवर सातपाटीच्या गाडीला आज भलतीच फुरसत होती. रांगेत अंकुशच्या पुढे मासळीची रिकामी पाटी घेतलेली एक म्हातारी आणि पुस्तकात डोकं घातलेली कॉलेजातली पोरगी. मग अंकुशचे कान तरी काय करणार?

"कसला चित्र गो ता?"

"समुद्राच्या तळाची घळ, मावशी. जमिनीचा एक तुकडा दुसऱ्याखाली घुसतो, तिथं पडते."

"घुसला कवा?"

"अजून घुसतोच आहे. वर्षाला नखं वाढतात तेवढा."

"आमच्या जाळ्यांच्या हद्दीचा कोर्टातला निकाल पन असाच सरकतो. खोल किती?"

"अकरा किलोमीटर. इथून बोईसरएवढं, पण सरळ खाली."

"तिथं कोन जातंय मरायला?"

"मरायला कशाला? पाणबुडीतनं माणसं गेली, फोटो काढून परतही आली."

"परत आली?"

"हो. एकदा नाही, कितीतरी वेळा."

"बरा हाय. माझा पोरगा वामन बोटीसकट गेला, तिथं वीस वाव पानी हाय."

"वीस वाव म्हणजे... छत्तीस मीटर, मावशी."

"असंल. तीन दिवस शोधून सायेब बोलले, समुद्र फार खोल हाय."