दोरीवरच्या जर्स्या

नाही, बापूसाहेब, जर्स्यांचा गठ्ठा मी देणार नाही. चहा देते, तो प्या. टीमचे सेक्रेटरी तुम्ही — कबूल. जर्स्या फॅक्टरीच्या — तेही कबूल. पण धुणं कप्तानाच्या घरी, हा रिवाज कोणाचा? तुमचाच न! माझा पोरगा मुरली कलकत्त्याच्या फुटबॉल क्लबचा पगार सोडून इथं आला, कप्तान झाला, तेव्हापासून याच अंगणात जर्स्या वाळून राहिल्या. आता कप्तान गुणवंत आहे म्हणता — अच्छा, मग पोरं गठ्ठा त्याच्या घरी काहून नेत नाहीत? मी बोलावते काय? मॅच संपली की नथ्थू सायकलला बांधून आणतो, ओट्यावर ठेवतो, ‘काकू, येतो’ म्हणतो अन् जातो. अन् ती कोपऱ्यातली पाहा, चिखल निघता निघत नव्हता — ती गुणवंतचीच आहे! तुमचा कप्तानही आपली जर्सी माझ्याकडेच पाठवतो, भैया. त्याला विचारा आधी.

काय म्हणाले होते तुमचे साहेब? मुरलीत नेतृत्वगुण नाहीत. फायनल हरला म्हणून. अहो, लढाई चालू होती, खमरियाच्या आपल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत रात्रंदिवस भोंगे — नथ्थू डबल ड्युटी करून तसाच गोलमध्ये येऊन उभा राहिला, हाताला लागलेला बारुदाचा पिवळा रंगही धुतला नव्हता, अन् पोलला टेकून उभ्या उभ्या झोपला. गोल झाला. तुम्ही लोक ओरडले, काढा याला! मुरलीनं काढलं नाही. त्याला मैदानातच कडेला उभं केलं, म्हणाला, श्वास घे — अन् स्वतः गोलमध्ये गेला. गोल मारणारा माणूस गोल अडवायला! हरले. हो, हरलेच. पण दुसऱ्या दिवशी नथ्थू मान वर करून ड्युटीवर गेला की नाही? तुम्ही मुरलीच्या दंडावरची पट्टी काढली, त्यानं मुकाट्यानं दिली. घरी येऊन जेवला, झोपला, मला एक शब्द नाही. पोरांना मात्र म्हणाला, गुणवंतच्या मागं उभे राहा. राहिले. म्हणून तुमची टीम अजून उभी आहे, साहेब — लिहा हे कुठंतरी. पुढं जानेवारीत मुदतीच्या तापानं गेला, तेव्हा खांदा द्यायला पोरं आली होती. तुम्ही नव्हते. असो.

काय मोजून राहिले? बारा? हो, बाराच आहेत. ती नऊ नंबरची त्याची आहे. पोरांनी कोणी मागितली नाही, मी दिली नाही. — नाही, घालत नाही कोणी. तेव्हापासून कोणीच नाही.

हात नका लावू! ओली आहे ती.

हो. धुतली. बाकीच्यांबरोबर धुते. दर वेळी.

उद्या मॅचच्या आधी नथ्थूला पाठवा, अकरा त्याच्या हाती देईन. त्याच्याच हाती. चहा थंड झाला, राहू द्या. फाटक ओढून घ्या, गाय येते आत.